मापात पाप

गेल्या दहाएक वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या शोधनिबंधांचं पीक इतकं आलंय की आता नुसतं शीर्षक वाचलं तरी आतलं सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. ट्यूमरच्या ऊतीतल्या रोगप्रतिकारक पेशी मोजायच्या तीन (किंवा चार, किंवा पाच) डिजिटल पद्धतींची तुलना. पहिल्या परिच्छेदात या पेशी किती महत्त्वाच्या आहेत ते. दुसऱ्यात पॅथॉलॉजिस्टची नजर किती बेभरवशाची आहे ते. मग एक आलेख, त्यावर ठिपक्यांची तिरकी रांग, कोपऱ्यात 'आर बरोबर 0.9 आणि काहीतरी'. शेवटी निष्कर्ष: सगळ्या पद्धती एकमेकींशी छान जुळतात, त्यातल्या त्यात आमची जरा जास्तच छान जुळते. आपला तो बाळ्या!

मला या निबंधांचा राग येतो. आणि तो का येतो हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी माझी भूमिका सांगतो. मी डॉक्टर नाही. माझं पोट संख्याशास्त्रावर चालतं. काचेच्या स्लाइड कोणीतरी स्कॅन करतं, त्यातल्या पेशी कुठलंतरी सॉफ्टवेअर मोजतं आणि ते आकडे एक्सेलच्या फायलीत माझ्याकडे येऊन पडतात. म्हणजे स्वयंपाक माझा नाही, पण पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणारा माणूस मी आहे. कोणी काय टाकलं ते त्याला बरोबर दिसतं.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅन्सरची गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नव्हेत. तिच्यात आणि तिच्याभोवती शरीराचे स्वतःचे शिपाईही घुसलेले असतात. त्यातले मुख्य म्हणजे लिम्फोसाइट. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगाच्या स्लाइडवर ते छोटे, गोल, गडद ठिपके दिसतात, कारण त्या पेशीत बहुतेक जागा केंद्रकानेच व्यापलेली असते. शिवाय प्रतिपिंडं वापरून ठरावीक पेशींनाच तपकिरी रंग देता येतो. सगळ्या टी-पेशींसाठी सीडी3, मारेकरी टी-पेशींसाठी सीडी8, आणि असे बरेच. 2006 साली पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने 'सायन्स'मध्ये दाखवून दिलं की आतड्याच्या कॅन्सरमध्ये या पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत, किती दाट आहेत आणि नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा चांगला अंदाज बांधता येतो. तेव्हापासून मोजण्याची लाट आली ती आलीच.

आता हे सगळं प्रयोगशाळेतल्या हौशी लोकांचं प्रकरण असतं तर मी ब्लॉगची जागा अडवली नसती. पण तसं नाही. स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार असतो, ट्रिपल निगेटिव्ह. हार्मोनच्या गोळ्या आणि हर्सेप्टिन, दोन्ही ज्याच्यावर चालत नाहीत असा. भारतात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, आणि तो तरुण बायकांना गाठतो. 2024 साली 'जामा'मध्ये एक मोठा अभ्यास आला. या प्रकारच्या कॅन्सरचे, केमोथेरपी न घेतलेले 1966 रुग्ण. त्यात पहिल्या टप्प्यातल्या ज्यांच्या गाठीत लिम्फोसाइटचं प्रमाण 50 टक्के किंवा त्याहून जास्त होतं, त्यांच्यापैकी 94 टक्के रुग्णांमध्ये पाच वर्षांत रोग शरीरात इतरत्र पसरला नव्हता. ज्यांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या खाली होतं, त्यांच्यात हाच आकडा 78.

म्हणजे काय, ते बघा. उद्या याच एका टक्केवारीवरून एखाद्या बाईला डॉक्टर सांगू शकतील की तुम्हाला केमोची गरज नाही. केस जाणार नाहीत, मळमळ नाही, हृदयावर परिणाम होण्याची टांगती तलवार नाही, सहा महिन्यांची बिनपगारी रजा नाही. किंवा सांगतील की गरज आहे. आणि ती टक्केवारी कुठून आली? तर कोणीतरी मोजली. कोणी मोजली आणि कशाने मोजली हा प्रश्न मग हौसेचा राहत नाही.

आता त्या 'आर'कडे येतो. कोरिलेशन. दोन पद्धतींचे आकडे एकत्र वाढतात आणि एकत्र कमी होतात का, एवढंच हा आकडा सांगतो. ते आकडे *तेच* आहेत का, हे तो सांगत नाही. समजा पाच रुग्ण आहेत. एक सॉफ्टवेअर म्हणतं 10, 20, 30, 40, 50. दुसरं म्हणतं 20, 40, 60, 80, 100. कोरिलेशन किती? बरोबर एक. परिपूर्ण! निबंधात लिहायचं की दोन्ही पद्धतींचा 'उत्कृष्ट मेळ' आहे. आता उपचाराची रेघ 30 वर मारा. पहिल्या यंत्राप्रमाणे तिघी रेघेच्या वर, दुसऱ्याप्रमाणे चौघी. त्या मधल्या एकीचं काय? ती 20 ची आहे की 40 ची? तिला केमो द्यायची की नाही? उत्कृष्ट मेळ तिला काय उत्तर देणार?

हे मी काही नवीन सांगत नाही. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये अगदी हेच लिहिलं. त्यांचं उदाहरण दम्याच्या रुग्णांना फुंकायला देतात त्या यंत्राचं होतं, एक मोठं आणि एक छोटं. दोन्हींचं कोरिलेशन 0.94. पण एकाच माणसाने दोन्हींत फुंकलं तर आकड्यात मिनिटाला जवळपास 80 लिटरपर्यंत फरक पडू शकत होता. त्यांनी उपायही सांगितला, आणि तो इतका सोपा की दहावीच्या मुलाने करावा. दोन्ही पद्धतींची वजाबाकी करा आणि ती वजाबाकी आलेखावर मांडा. बस. वैद्यकातल्या सर्वात जास्त उल्लेख झालेल्या निबंधांपैकी हा एक आहे. उल्लेख सगळे करतात. वाचत किती जण असतील, देव जाणे. चाळीस वर्षं होत आली आणि अजून माझ्याकडे येणाऱ्या दर दोन मसुद्यांपैकी एकात 'आर' मिरवत असतो.

बरं, त्या 'आर'ला फुगवणंही सोपं आहे. नमुन्यांमध्ये दोन-चार अगदी वाळवंटासारख्या गाठी घ्या आणि दोन-चार लिम्फोसाइटने खच्चून भरलेल्या. दोन्ही टोकं सांभाळली की मधे कितीही गोंधळ असू द्या, रेघ सुंदर येते. पण उपचाराचा निर्णय अडतो तो मधल्याच रुग्णांवर! किंवा बारा रुग्णांच्या स्लाइडचे प्रत्येकी पन्नास तुकडे पाडा आणि म्हणा की आमच्याकडे 600 निरीक्षणं आहेत. बारा माणसं आहेत हो. एका माणसाचे पन्नास फोटो काढले म्हणून पन्नास माणसं होत नाहीत.

असो. ही झाली आकडेमोडीची बाजू. पण खरं दुखणं त्याच्याही आधीचं आहे: या पद्धती एकच गोष्ट मोजतच नसतात.

जुन्या काळी धान्य पायलीने मोजत, आणि पायली गावोगाव वेगळी. त्यात पुन्हा घेताना शीग लावून आणि देताना वरून हात फिरवून. पायली एकच, धान्य वेगळं. इथेही अगदी तसंच चाललंय. 2014 साली आंतरराष्ट्रीय कार्यगटाने स्तनाच्या कॅन्सरसाठी जी रीत घालून दिली, तिच्यात पॅथॉलॉजिस्ट पेशींची *संख्या* सांगतच नाही. कॅन्सरपेशींच्या बेटांमधला जो संयोजी ऊतीचा भाग असतो, त्याचं किती टक्के *क्षेत्रफळ* या पेशींनी व्यापलंय, याचा तो नजरेने अंदाज देतो. एखादं सॉफ्टवेअर देतं दर चौरस मिलिमीटरला किती पेशी. दुसरं देतं एकूण पेशींपैकी किती टक्के लिम्फोसाइट. तिसरं पेशी ओळखतच नाही, तपकिरी पिक्सेल किती ते सांगतं. क्षेत्रफळाची टक्केवारी, घनता, पेशींमधला वाटा आणि रंगाचा वाटा. या चार गोष्टी एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडून 'तुलना' म्हणायचं म्हणजे लिटर, किलो, डझन आणि रुपये यांची तुलना.

आणि 'दर चौरस मिलिमीटर' म्हणजे तरी कशाचा? स्तनाच्या ऊतीत चरबी असते. त्या पेशी स्लाइडवर रिकाम्या बुडबुड्यांसारख्या दिसतात. एका पद्धतीने ती चरबी क्षेत्रफळात धरली, दुसरीने वगळली, की तेवढ्यावर घनता निम्मी होऊ शकते, पेशी एकही न चुकता. मेलेल्या ऊतीचा भाग, रक्त साचलेला भाग, काचेचा रिकामा भाग, सगळ्यांचं तेच. निबंधात भाजक कसा काढला याला अर्धी ओळ, आणि न्यूरल नेटवर्कच्या थरांना दोन पानं.

(इथे डिजिटलवाल्यांच्या बाजूचं एक सांगायलाच हवं. सूक्ष्मदर्शकातून बघणारे पूर्वी 'एका फील्डमध्ये इतक्या' असं मोजत, आणि फील्ड म्हणजे काय ते भिंगावर अवलंबून. 40 पट भिंगाखाली 18 क्रमांकाच्या नेत्रिकेतून 0.16 चौरस मिलिमीटर दिसतं, 22 क्रमांकाच्या नेत्रिकेतून 0.24. दीडपट फरक! तेही पायलीचंच प्रकरण. निदान स्कॅनरला आपला पिक्सेल किती मायक्रॉनचा ते ठाऊक असतं.)

मग येतो जाडीचा प्रश्न. हा मला सर्वात जास्त आवडतो कारण याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. स्लाइडवरचा काप साधारण 4 मायक्रॉन जाडीचा. लिम्फोसाइटचं केंद्रक साधारण 7 मायक्रॉन रुंद. म्हणजे काप पेशीपेक्षा पातळ! आपण पेशी बघत नाही, पेशींच्या चकत्या बघतो. ज्या केंद्रकाचा नुसता कडेचा पापुद्रा कापात आला तेही ठिपका म्हणून दिसणार. हिशेब केला तर 4 मायक्रॉनच्या कापात 4 अधिक 7 म्हणजे 11 मायक्रॉन जाडीतल्या लिम्फोसाइट हजेरी लावतात. कॅन्सरपेशीचं केंद्रक समजा 14 मायक्रॉनचं, तर तिच्यासाठी हीच जाडी 18 होते. म्हणजे ऊतीत दोघी समान संख्येने असल्या तरी कापावर कॅन्सरपेशी दीडपटीहून जास्त दिसणार. 'एकूण पेशींपैकी किती टक्के लिम्फोसाइट' हा आकडा त्यामुळे मुळातच खाली ओढलेला असतो, कितीही हुशार नेटवर्क लावा. यावरची दुरुस्ती अॅबरक्रॉम्बी यांनी 1946 साली लिहून ठेवलेली आहे. मज्जासंस्थेवर काम करणारे लोक तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत. ट्यूमरवाल्यांच्या तुलनांमध्ये मला ती क्वचितच भेटली.

त्या पापुद्र्यांचं सॉफ्टवेअर काय करतं, ते बघू. क्यूपाथ नावाचं एक मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात तयार झालं, 2017 साली त्यावरचा निबंध आला. अतिशय गुणी सॉफ्टवेअर, मी रोज वापरतो, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यात पेशी शोधायची खिडकी उघडली की काही आकडे आधीच भरलेले असतात. त्यातला एक, केंद्रकाचं किमान क्षेत्रफळ: 10 चौरस मायक्रॉन. याच्याखालचं सगळं कचरा समजून बाद. पूर्ण लिम्फोसाइटचं केंद्रक 38 च्या आसपास असतं, त्यामुळे ते सुटतं. पापुद्रे मात्र जातात. दुसरा आकडा, केंद्रकाभोवती 5 मायक्रॉनचा घेर घेऊन त्याला पेशी म्हणायचं. कॅन्सरपेशीला तो ठीक. पण लिम्फोसाइटला केंद्रकाबाहेर अंगच नसतं फारसं. सीडी8 चा तपकिरी रंग पेशीच्या आवरणावर बसतो. आता एक तपकिरी लिम्फोसाइट एका निळ्या कॅन्सरपेशीला चिकटून बसलीय (आणि मारेकरी पेशीचं कामच ते, चिकटून बसणं!), तर कॅन्सरपेशीच्या 5 मायक्रॉनच्या घेरात शेजारणीचा तपकिरी रंग येतो. तुम्ही सगळ्या पेशीचा सरासरी रंग मोजायला सांगितलं असेल तर कॅन्सरपेशीच सीडी8 म्हणून मोजली जाऊ शकते. जिथे लढाई सर्वात हातघाईची, तिथेच मोजणी सर्वात चुकीची.

हे सगळे आकडे बदलता येतात. ते बदलण्यासाठीच तर ते खिडकीत दिले आहेत. सॉफ्टवेअर लिहिणारे बिचारे पुन्हापुन्हा सांगतात की आपापल्या स्लाइडवर तपासून बघा. मग होतं काय, की तुलना करणारा गट स्वतःची पद्धत महिनाभर घासूनपुसून लख्ख करतो आणि बाकीच्या पद्धती आहेत त्या आकड्यांवर चालवतो. सामना झाला. निकाल लागला. पंच कोण होते म्हणता? तेच.

पंचावरून आठवलं. या तुलनांमध्ये 'सत्य' म्हणून काय धरतात? बहुतेक वेळा एक पॅथॉलॉजिस्ट. फार तर दोन, आणि दुसरा पहिल्याच्या हाताखालचा. आधी त्याच्या नजरेला बेभरवशाची ठरवायचं आणि मग त्याच नजरेला फूटपट्टी करून यंत्राला मार्क द्यायचे, ही कसरत मला आजवर समजलेली नाही. त्यातून आणखी एक मखलाशी असते. मोजायचा भाग कुठला, ट्यूमरची हद्द कुठे संपते, हे पॅथॉलॉजिस्टने आधीच पेनाने आखून दिलेलं असतं, आणि सगळ्या पद्धतींना तोच आखलेला तुकडा दिला जातो. म्हणजे सगळ्यात अवघड काम माणसाने करून ठेवलंय. हद्द ठरवणं, हा कॅन्सर आहे की नुसती सूज, इथल्या लिम्फोसाइट गाठीशी लढतायत की शेजारच्या जुन्या बायोप्सीच्या जखमेसाठी आल्यात, हे सगळं. उरलं ते ठिपके मोजणं. त्यात सगळ्यांना 90 पडले तर नवल काय! शिवाय 'तांत्रिक दोषांमुळे' काही स्लाइड वगळलेल्या. काप दुमडलेला, बुडबुडा आलेला, रंग फिका, पेनाची खूण. अहो, त्या स्लाइडसुद्धा कोणाच्यातरी आहेत. रुग्णाला वगळता येत नाही.

माझ्या ओळखीच्या एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम आहेत, पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर काढलेल्या. एका कंपनीचा डेमो होता, त्यात पडद्यावर हिरवे ठिपके पटापट उमटत होते. विक्रेता म्हणाला, "बघा मॅडम, अकरा सेकंदांत 48,312 पेशी." मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हो, पण त्यातल्या या कोपऱ्यातल्या प्लाझ्मा पेशी आहेत, या मेलेल्या कॅन्सरपेशींची केंद्रकं आहेत आणि हे चिमट्याने चिरडलंय. तुम्ही सगळ्यांना लिम्फोसाइट म्हणताय. दोनचा आकडा मात्र अगदी अचूक आहे हं, शेवटचा." खोलीत हशा झाला. विक्रेताही हसला. पण पुढच्या स्लाइडवर त्याने पुन्हा पाच आकडी संख्या तशीच वाचून दाखवली. पाच आकडी संख्येचा माणसाच्या मनावर एक दाब पडतो. 'साधारण 40 टक्के' म्हणणारी बाई अंदाजपंचे वाटते आणि 48,312 म्हणणारं यंत्र शास्त्रीय वाटतं.

इथे कोणी म्हणेल, मग तुझं म्हणणं काय, डोळ्यांनीच मोजत बसायचं? नाही हो. डोळ्यांची कुंडली मला पाठ आहे. 2016 साली डेंकर्ट आणि सहकाऱ्यांनी 32 पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या कॅन्सरच्या त्याच 60 बायोप्सी दाखवल्या. एकवाक्यतेचा आकडा आला 0.70. (हा 'आर' नव्हे. हा दोघांच्या आकड्यांतला खरा फरकही हिशेबात धरतो.) बरा, पण केमोचा निर्णय टाकावा असा नाही. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये 2017 साली 13 पॅथॉलॉजिस्टनी 90 रुग्णांच्या स्लाइडवर पीडी-एल1 मोजलं, तेव्हा कॅन्सरपेशींवर त्यांचं चांगलं जमलं, आणि रोगप्रतिकारक पेशींवर पार फिसकटलं. तेव्हा डोळ्यांची भाबडी भक्ती माझ्याकडे नाही.

पण डेंकर्ट यांच्या त्याच निबंधातला दुसरा भाग कोणी सांगत नाही. दुसऱ्या फेरीत 28 पॅथॉलॉजिस्ट, वेगळ्या 60 बायोप्सी, आणि आकडा गेला 0.89 वर. काय केलं? संगणकाने पेशी मोजल्या? छे. संगणकाने पडद्यावर नमुन्याची चित्रं शेजारी ठेवली, म्हणजे 10 टक्के असं दिसतं, 40 टक्के असं, आणि एकाच जागेवर न थांबता स्लाइडचे वेगवेगळे भाग बघायला लावले. बस! रंगाच्या दुकानात शेड कार्ड असतं ना, तेवढंच. याला शोध म्हणायला लाज वाटावी इतकं साधं. म्हणूनच बहुधा याच्या मागे कोणी गुंतवणूकदार धावत आले नाहीत. डिजिटल पद्धतीची तुलना करायचीच असेल तर ती कंटाळलेल्या एकट्या पॅथॉलॉजिस्टशी करू नका, या शेड कार्डवाल्या पॅथॉलॉजिस्टशी करा. अशी तुलना मला दाखवा, मी टाळ्या वाजवतो.

दुसरा आक्षेप जरा भारी आहे आणि तो मला एका हुशार मुलाने घेतला. तो म्हणाला, सर, खरी संख्या किती याच्याशी आपल्याला काय करायचंय? यंत्राच्या आकड्यावरून रुग्णाचं भविष्य कळतं ना, मग तो आकडा दुप्पट असेना का! थर्मामीटर सेल्सियसमध्ये असो की फॅरनहाइटमध्ये, ताप कळला म्हणजे झालं.

यातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. आतड्याच्या कॅन्सरसाठी जो 'इम्युनोस्कोर' आहे, तो असाच उभा राहिला. सीडी3 आणि सीडी8, गाठीच्या मध्यात आणि कडेला, अशा चार घनता. 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय पडताळा आला. 13 देशांतली 14 केंद्रं, 2681 रुग्ण, त्यात आपलं अहमदाबादचं गुजरात कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटही होतं. त्यांनी शहाणपणा काय केला, तर प्रतिपिंडं, रंगवण्याची रीत आणि सॉफ्टवेअर हे सगळं आधी कुलूपबंद केलं. मग प्रत्येक घनता मूळ रुग्णसमूहात कितव्या शतमानावर बसते ते काढलं आणि चारांची सरासरी घेतली. सरासरी 25 पर्यंत कमी, 25 ते 70 मधली, 70 च्या वर जास्त. यात खरी संख्या किती याला खरंच महत्त्व नाही.

पण हे चालतं ते कुलूप लावलंय म्हणून! थर्मामीटरवर सी लिहिलंय की एफ हे लिहिलेलं असतं. उद्या कोणी पैसे वाचवायला दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, जे दुप्पट मोजतं, आणि शतमानाचा तक्ता तोच वापरला, तर रुग्णांमागून रुग्ण 'जास्त' गटात जाऊन बसतील आणि सगळ्यांना सांगितलं जाईल की तुमचं भविष्य उज्ज्वल आहे. त्यांना तो तक्ता वापरायचा परवाना कोण देतं? आमचा 'आर बरोबर 0.95' वाला निबंध देतो. 'उत्कृष्ट मेळ आहे, पद्धती परस्परांऐवजी वापरता येतील.' हे शेवटचं वाक्य माझ्याकडच्या मसुद्यांमध्ये मी पाच वेळा खोडलं असेल. दोनदा ते छापील प्रतीत पुन्हा उगवलं.

आपल्याकडे तर याला अजून एक पदर आहे. पेशी ओळखणारी बरीचशी नेटवर्क टीसीजीए नावाच्या संग्रहावर शिकलेली असतात, आणि त्यातल्या स्लाइड बहुतांश अमेरिकन रुग्णालयांतल्या. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शस्त्रक्रिया झालेली गाठ फॉर्मालिनमध्ये कधी पडली, किती वेळ पडून राहिली, ते फॉर्मालिन कोणी आणि कसं बनवलं होतं, मग तो मेणाचा ठोकळा एसटीच्या पार्सलने शहरात कधी पोचला, याचा पत्ता नसतो. उशिरा फॉर्मालिनमध्ये पडलेल्या ऊतीत केंद्रकं आक्रसतात, गडद होतात. आक्रसलेलं गडद छोटं केंद्रक म्हणजे काय? नेटवर्कच्या शिकवणीप्रमाणे लिम्फोसाइट! म्हणजे जिची गाठ सर्वात वाईट हाताळली गेली, त्या बाईच्या रिपोर्टवर लिम्फोसाइट सर्वात जास्त, भविष्य सर्वात उज्ज्वल, आणि कदाचित केमो नको. अशा स्लाइडवर पद्धतींची तुलना करा ना! त्या 'तांत्रिक दोषां'खाली वगळलेल्या असतात.

मला हवंय तरी काय? फार नाही. वजाबाकीचा आलेख द्या. उपचाराची जी रेघ असेल त्या रेघेवर किती रुग्णांनी बाजू बदलली ते माणसांच्या संख्येत सांगा, टक्क्यांत नको. तीच स्लाइड त्याच स्कॅनरवर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका आणि आकडा किती हलतो ते लिहा. स्वतःशीच न जुळणारी पद्धत दुसऱ्याशी काय जुळणार? भाजकात काय काय धरलं ते लिहा. कोणी किती वेळ कुठल्या पद्धतीच्या सेटिंगवर घालवला तेही लिहा, तासांत. आणि छोटे तुकडे मोजत असाल तर निदान गॉसेटला तरी स्मरा. 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहिणारा हा माणूस गिनेसच्या दारूभट्टीत नोकरीला होता, आणि 1907 साली त्याने यीस्टच्या पेशी मोजताना किती चूक होते यावर आख्खा निबंध लिहिला. शंभर पेशी मोजल्या तर दहाएक इकडेतिकडे होणारच, तेही पेशी एकसारख्या विखुरलेल्या असतील तर. लिम्फोसाइट तर घोळक्याने राहतात, सुईच्या बायोप्सीत घोळका सापडला तर सापडला. बिअरसाठी माणसं एवढी काळजी घेत होती, सव्वाशे वर्षांपूर्वी.

गेल्या महिन्यात अशाच एका मसुद्यावर माझं नाव सहलेखक म्हणून घालायचं होतं. चार पद्धती, 40 रुग्ण, 'आर' 0.88 ते 0.96. मी वजाबाकीचे आलेख करून पाठवले. 30 टक्क्यांच्या रेघेवर 40 पैकी 11 जणी पद्धतीप्रमाणे इकडच्या तिकडे होत होत्या. उत्तर आलं की आलेख उत्तम आहेत, पण शब्दमर्यादेमुळे पुरवणीत टाकू. मी कळवलं की 11 हा आकडा सारांशात येणार असेल तरच माझं नाव घाला. त्यावर अजून फोन आलेला नाही.